आगमनकाळ कोणी पळवला?

नोव्हेंबर संपत आला की आमच्या वसईच्या गावागावांत एक ठरलेले दृश्य दिसू लागते. भातकापणी आटोपलेली असते, वाड्यांतून भाजीपाल्याला पाणी सुटलेले असते, पहाटेच्या हवेत गारवा आलेला असतो. याच सुमारास एखाद्या संध्याकाळी नाक्यावरच्या बांबूवर विजेचा तारा चढतो, ध्वनिक्षेपक सुरू होतो आणि बाळ येशू जन्मल्याची वार्ता साऱ्या आळीला ऐकू जाते. दिनदर्शिकेत आगमनकाळाचा पहिला रविवारही अजून उजाडलेला नसतो. पवित्र मरियेचे बाळ महिनाभर दूर असते आणि आम्ही मात्र त्याचा पाळणा हलवून मोकळे झालेलो असतो.

हे मी अनेक वर्षे पाहतो आहे आणि, प्रांजळपणे सांगायचे तर, त्यात सहभागीही होतो आहे. म्हणून हा लेख केवळ इतरांवर ठपका ठेवण्यासाठी लिहिलेला नाही. ठपका ठेवायचाच तर तो प्रथम माझ्यासारख्या धर्मगुरूंवर ठेवावा लागेल. तरीही एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगण्याची वेळ आली आहे. आगमनकाळ नावाचा उपासनाकाळ आमच्या धर्मग्रामांच्या जीवनातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. बाजाराने तो पळवला, असे आपण म्हणतो. माझे म्हणणे असे की बाजाराला दार आपणच उघडून दिले, आणि तेही चर्चच्या आवाराचे.

आगमनकाळ म्हणजे नेमके काय, याची उजळणी आधी करू या. ख्रिस्तसभेचे उपासनावर्ष जानेवारीत सुरू होत नाही; ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. म्हणजे हा काळ कमीत कमी बावीस आणि जास्तीत जास्त अठ्ठावीस दिवसांचा असतो. त्याचे दोन भाग पडतात. १६ डिसेंबरपर्यंतची वाचने प्रामुख्याने प्रभूच्या दुसऱ्या येण्याकडे, जगाच्या न्यायाकडे आणि जागे राहण्याच्या आज्ञेकडे आपले लक्ष वेधतात. १७ डिसेंबरपासून पुढचे आठ दिवस बेथलेहेमची वाट दाखवतात. धर्मगुरू जांभळी वस्त्रे परिधान करतो. तिसऱ्या रविवारी तेवढा गुलाबी रंग चालतो. सहाव्या शतकात गॉल देशात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याची रीत होती. आज तेवढा कडक नियम नाही. ख्रिस्तसभा या काळाला भक्तिपूर्ण आणि आनंदी प्रतीक्षेचा काळ म्हणते. प्रतीक्षा आनंदी असावी, हे मला मान्यच आहे. पण जी वस्तू आधीच हातात घेऊन आपण नाचतो आहोत, तिची प्रतीक्षा कशी करता येईल?

उपासनेतील एकच गोष्ट पाहा. आगमनकाळाच्या रविवारी मिस्सामध्ये आपण ‘ग्लोरिया’ म्हणत नाही. ते देवदूतांचे गौरवगीत आहे. बेथलेहेमच्या मेंढपाळांनी ते प्रथम ऐकले. ख्रिस्तसभा चार रविवार ते गीत आवरून धरते, ते एवढ्याचसाठी की नाताळाच्या रात्री घंटा वाजत असताना ते पुन्हा कानी पडावे आणि जणू आजच प्रथम ऐकतो आहोत असे वाटावे. आता आमची अवस्था काय आहे? चर्चच्या आत वेदीपाशी ‘ग्लोरिया’ मौन पाळतो आणि चर्चच्या बाहेर, पंचवीस पावलांवर, तीच घोषणा तबल्याच्या आणि गिटारच्या साथीने दिवसातून दहा वेळा वाजत असते. मग २४ डिसेंबरच्या रात्री गायनवृंदाने कितीही जीव ओतून गायिले तरी ऐकणाऱ्याच्या अंगावर रोमांच कसा उभा राहणार? गाणे शिळे झालेले असते.

आता आमच्या धर्मग्रामांच्या डिसेंबरकडे वळू या. पहिल्या रविवारी जत्रेवजा फेट, दुसऱ्या रविवारी क्रीडास्पर्धा, एका संध्याकाळी नाताळगीतांची स्पर्धा, दुसऱ्या संध्याकाळी तारे बनवण्याची स्पर्धा, मग गोठ्यांची स्पर्धा, तिचे परीक्षण, संघटनांचे वार्षिक स्नेहसंमेलन, शाळेचा नाताळ, कार्यालयाचा नाताळ, गृहसंकुलाचा नाताळ. यांतील एकही कार्यक्रम वाईट नाही. प्रत्येकामागे कोणाचे तरी कष्ट असतात, कोणाची तरी सेवा असते. पण या सर्वांची बेरीज केली तर येशू जन्माला येण्याआधीच आम्ही थकलेलो असतो. नाताळाच्या आदल्या दिवशी पापनिवेदनासाठी रांग लागते आणि रांगेतले निम्मे लोक घड्याळाकडे पाहत उभे असतात. पेटीत बसलेला धर्मगुरूही, खरे सांगायचे तर, घड्याळाकडेच पाहत असतो.

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी मी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी सकाळी जाणार होतो. दर महिन्याचा तो नेम. त्या दिवशी फेटच्या मंडपाचे काहीतरी अडले. मंडपवाला, वीजजोडणीवाला आणि पाळकीय मंडळाचे सभासद यांच्यात मी दुपारपर्यंत अडकलो. दुपारनंतर परवानगीच्या कागदासाठी धावलो. आजाऱ्यांच्या घरी निरोप पाठवण्याचेही भान राहिले नाही. संध्याकाळी आठवण झाली तेव्हा धावतपळत निघालो. यादीतील शेवटचे घर एका ऐंशी ओलांडलेल्या आजींचे होते. खाटेशेजारी स्टुलावर पांढरे स्वच्छ कापड अंथरलेले, त्यावर क्रूस, पाण्याची वाटी आणि दोन मेणबत्त्या. मेणबत्त्या जळून बोटभर उरल्या होत्या. सुनेने सांगितले की सकाळपासून आजींनी चहाचा घोटही घेतलेला नाही. देव यायचा आहे, मग आधी कसे खायचे, ही त्यांची जुनी शिकवण. आता तासाभराचा उपवास पुरतो, हे त्यांना कोणी सांगितले असते तरी त्यांनी ऐकले नसते. मी क्षमा मागू लागलो. त्या म्हणाल्या, “फादर, देव येणार म्हणून बसून होते. उशीर झाला तर झाला.”

त्या घरात त्या दिवशी आगमनकाळ होता. माझ्या मंडपात तो नव्हता. तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही.

या लेखावर कोणते आक्षेप घेतले जातील, याची मला कल्पना आहे. त्यांना मी टाळू इच्छित नाही.

पहिला आक्षेप असा की आनंद ही ख्रिस्ती माणसाची ओळख आहे आणि आमच्या रोषणाईमुळे शेजारच्या हिंदू-मुस्लीम बांधवांना ख्रिस्ताची ओळख होते. पण शेजाऱ्यांना आपण कोणती ओळख करून देतो, याचा थोडा विचार करावा. आपला शेजारी श्रावण पाळतो, चातुर्मासाचे नेम करतो, रमजानचे रोजे ठेवतो. सणाआधी स्वतःला आवरावे लागते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. आपल्याकडे पाहून मात्र त्याचा समज होतो की ख्रिस्ती लोकांना सण आहे, पण सणाआधीचे व्रत नाही. हा समज खोटा आहे, आणि तो पसरवण्याचे काम आपणच करीत आहोत.

दुसरा आक्षेप तरुणांच्या नावाने येतो. कार्यक्रम नसतील तर तरुण चर्चकडे फिरकणार नाहीत, असे सांगितले जाते. मी तरुणांविषयी इतका निराश नाही. २०२० साल आठवा. महामारीमुळे त्या वर्षी ना फेट झाली, ना स्पर्धा. डिसेंबरच्या अखेरीस महानगरपालिकांच्या हद्दीत रात्रीची संचारबंदी होती. मध्यरात्रीचा मिस्सा संध्याकाळीच, मोजक्या उपस्थितीत करावा लागला. त्या आगमनकाळात घराघरांत एखादे माणूस गेलेले होते किंवा रुग्णालयात होते. तेव्हा किती तरुणांनी मला दूरध्वनी करून विचारले की घरी प्रार्थना कशी करावी, कोणते वाचन घ्यावे! त्यांना कार्यक्रम नको होता, आधार हवा होता. निर्बंध उठल्यावर आपण पुन्हा ध्वनिक्षेपक लावला आणि ते प्रश्न विचारणारे आवाज त्यात बुडून गेले. तरुण चर्चकडे फिरकत नाहीत, याचे कारण आपण त्यांना केवळ खुर्च्या मांडायला बोलावतो हेही असू शकेल.

तिसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. आमची कितीतरी माणसे आखातात, बोटीवर किंवा परदेशी नोकरीला आहेत. त्यांना रजा मिळते ती डिसेंबरमध्येच. लग्ने, घरांचे आशीर्वाद, मुलांचे स्नानसंस्कार हे सारे त्याच दिवसांत उरकावे लागते. ही अडचण खरी आहे आणि धर्मगुरूने तिच्यापुढे नियमाची काठी उगारू नये. पूर्वी नियम होता. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून नाताळाच्या दिवसापर्यंत विवाहाचा समारंभपूर्वक आशीर्वाद वर्ज्य होता. १९८३ च्या संहितेत ते बंधन राहिलेले नाही. ख्रिस्तसभेने आपल्या शहाणपणावर विश्वास टाकला. त्या विश्वासाचे आपण काय केले, एवढेच मी विचारतो. रजेवर आलेला मुलगा नाताळानंतरही काही दिवस घरी असेल, तर २७ किंवा २८ डिसेंबरला लग्न होऊ शकत नाही का? आणि आगमनकाळातच करणे भाग पडले तर हळदीच्या रात्रीचा वाद्यवृंद आणि मद्याचा महापूर आवरता येत नाही का? या एका महिन्याच्या हौसेसाठी काढलेले कर्ज पुढच्या नाताळापर्यंत फेडत बसलेली कुटुंबे प्रत्येक धर्मगुरूला ठाऊक आहेत. ती स्वतः बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो आहे.

चौथा आक्षेप आमच्या भगिनींकडून येईल. फादर, तुम्ही शांत प्रतीक्षेच्या गोष्टी करता; पण नेवऱ्या, कुलकुले आणि केक काय २४ तारखेच्या रात्री आपोआप होतात? नाही होत, हे मी जाणतो. आणि खरे सांगू का? आगमनकाळाचा अर्थ आमच्या आयांच्या स्वयंपाकघरात जितका शाबूत राहिला तितका तो आमच्या सभागृहांत राहिला नाही. आई महिनाभर आधी तयारीला लागे. शेजारणी जमत, पीठ मळले जाई, काट्याच्या पाठीवर कुलकुले वळले जात, आणि हाताबरोबर ओठांवर जपमाळही चाले. तळून झालेले सारे पत्र्याच्या डब्यात भरले जाई आणि डब्याचे झाकण घट्ट लागे. ते नाताळाच्या मिस्सानंतरच उघडे. आम्ही मुले त्या डब्याभोवती घुटमळत असू. वास येई, पण हात लावण्याची छाती होत नसे. तयारी आणि उपभोग यांच्यामधले ते झाकण म्हणजे आगमनकाळ. माझी तक्रार तयारीविरुद्ध नाही. झाकण काढून टाकल्याविरुद्ध आहे.

मुलांना थांबायला सांगणे म्हणजे त्यांच्या आनंदावर विरजण घालणे, असे ज्यांना वाटते त्यांनी आगमनकाळाच्या मेणबत्त्यांच्या चक्राची कथा जरूर जाणून घ्यावी. ते चक्र आज आमच्या प्रत्येक चर्चमध्ये असते, पण त्याचा उगम एका प्रोटेस्टंट पाळकाकडे जातो. योहान हिनरिक विकर्न हे जर्मनीत हॅम्बुर्ग येथे निराधार मुलांचा आश्रम चालवीत. मुले रोज विचारीत, नाताळ कधी येणार? १८३९ साली विकर्न यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रोजची एक लहान आणि रविवारची एक मोठी. दर दिवशी एक ज्योत वाढे. ज्या मुलांजवळ काही नव्हते, त्यांच्यासाठीही त्यांनी नाताळ महिनाभर अलीकडे ओढला नाही. त्यांनी मुलांना दिवस मोजायला शिकवले. आपण आपल्या मुलांना सर्व काही देतो. वाट पाहण्याची शक्ती मात्र देत नाही. परीक्षेतील अपयश, नोकरीतील विलंब, संसारातील कसोटी यांपुढे ती कोलमडतात तेव्हा आपणच आश्चर्य करतो.

गोठ्यांच्या स्पर्धेविषयी लिहिताना माझ्या लेखणीला थोडी धार येते, ती वाचकांनी सोसावी. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे गोठा उभारला. त्याआधी सुमारे पंधरा दिवस त्यांनी तेथील एका मित्राला सांगून ठेवले की गवत, बैल आणि गाढव यांची सोय कर. बेथलेहेमात त्या बाळाने सोसलेली गैरसोय मला डोळ्यांनी पाहायची आहे. नाताळाच्या रात्री लोक मशाली घेऊन आले, गव्हाणीवर मिस्सा अर्पण झाला. त्या गोठ्याला पहिला क्रमांक कोणी दिला नाही. आमच्या गोठ्यांत आज धबधबे आहेत, फिरते दिवे आहेत, कधी कधी आगगाडीही धावते. नाही ती फक्त गैरसोय. आणि बक्षीस हुकले म्हणून दोन आळ्यांमध्ये नाताळाच्या दिवशी अबोला धरला जातो! शांतीच्या राजपुत्रासाठी बांधलेल्या गोठ्यावरून हे भांडण व्हावे, यापरते दुर्दैव कोणते?

वाट पाहणे हे दुबळ्यांचे काम आहे, असा एक आधुनिक समज आहे. ज्यांचा सण दरवर्षी आगमनकाळाच्या तोंडाशीच येतो, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्याकडे पाहा. वसईच्या भूमीलाही त्यांचे पाय लागले होते. चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर ते एका होडीची वाट पाहत थांबले होते. ती त्यांना मुख्य भूमीवर नेणार होती. होडी आली नाही. ३ डिसेंबर १५५२ रोजी त्याच बेटावर त्यांनी देह ठेवला. ज्यांच्या धावण्याचे आपण एवढे गोडवे गातो, त्यांचे शेवटचे दिवस निव्वळ प्रतीक्षेत गेले. ती प्रतीक्षा वाया गेली असे म्हणण्याची छाती कोणाला आहे?

मराठी वाचकाला तर आणखी जवळचा दाखला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली प्रसिद्ध झाले. त्याचे दोन भाग आहेत. ‘पैलें पुराण’ सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा सांगते, आणि तिला त्यांनी तब्बल ३६ अवस्वर दिले. ख्रिस्तजन्म येतो तो त्यानंतर, दुसऱ्या पुराणात. नव्याने ख्रिस्ती झालेल्या आपल्या पूर्वजांना तो इंग्रज जेझुइट थेट गोठ्यापाशी घेऊन गेला नाही. आदामाचे पतन, अब्राहामाचा प्रवास, इस्राएलची गुलामी, संदेष्ट्यांचे विलाप, या सर्वांतून त्याने त्यांना चालवले. कारण तहान लागल्यावाचून पाण्याची गोडी कळत नाही. आपल्या पूर्वजांना तेवढा धीर होता. आपल्याला चार रविवारांचाही नसावा?

शेवटी मी ज्या वाचनापाशी दरवर्षी अडखळतो, त्याचा उल्लेख करतो. १९ डिसेंबरच्या मिस्सामध्ये लूकच्या शुभवर्तमानातील जखऱ्याची कथा येते. जखऱ्या धर्मगुरू होता. पवित्रस्थानात धूप जाळण्याची त्याची पाळी होती. देवदूताने सांगितलेल्या वार्तेवर त्याने विश्वास ठेवला नाही, म्हणून योहानाच्या जन्मापर्यंत त्याची वाचा बंद झाली. बाहेर लोक आशीर्वादासाठी ताटकळत उभे, आणि धर्मगुरूला शब्द फुटेना. नाताळाच्या कथेच्या अगदी उंबरठ्यावर परमेश्वराने एका धर्मगुरूला गप्प केले, याचा मी व माझ्या बंधुधर्मगुरूंनी विचार करावा. आमच्या हातात ध्वनिवर्धक फार दिवस राहिला आहे. जखऱ्याचे तोंड पुन्हा उघडले तेव्हा त्यातून स्तुती बाहेर पडली. आमचे तोंड बंदच होत नाही. मग स्तुती कोठून फुटणार?

केवळ टीका करून थांबणे बरे नव्हे. म्हणून येत्या आगमनकाळासाठी काही गोष्टी मी माझ्या धर्मग्रामापुढे ठेवल्या आहेत, त्या येथेही ठेवतो. चर्चच्या आवारात २४ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत नाताळगीत वाजू नये. गोठा आगमनकाळात जरूर बांधावा, पण त्यातील गव्हाणी रिकामी असावी आणि तारा अंधारात असावा. बाळ आणि उजेड नाताळाच्या रात्रीच यावेत. स्पर्धा हव्यातच तर त्या २६ डिसेंबरनंतर घ्याव्यात. फेट, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलने प्रभूच्या स्नानसंस्काराच्या सणापर्यंत कधीही होऊ शकतात, कारण तोपर्यंत नाताळकाळच चालू असतो. आज आपण २६ तारखेला कंटाळतो आणि एक जानेवारीला तारा उतरवतो. मी नाताळ कमी करा म्हणत नाही. तो त्याच्या जागी ठेवा आणि पुरता साजरा करा, एवढेच म्हणतो.

घरांसाठी माझी मागणी याहून लहान आहे. रोज रात्री जेवणाआधी पंधरा मिनिटे दूरदर्शनसंच आणि भ्रमणध्वनी बंद करावेत, एक मेणबत्ती लावावी, त्या दिवसाचे शुभवर्तमान कोणीतरी वाचावे आणि नंतर थोडा वेळ कोणीही बोलू नये. ज्या घराशी अबोला आहे त्या घराची पायरी २४ तारखेपूर्वी एकदा चढावी. नाताळाच्या फराळाचा पहिला डबा, झाकण उघडण्यापूर्वीच, ज्याच्या घरी या वर्षी चूल थंड आहे त्याच्यासाठी बाजूला काढावा.

माझ्याकडून मी एवढे करीन. आगमनकाळातील दर बुधवारी आणि शुक्रवारी रात्री आठ ते दहा चर्च उघडे राहील. ना गाणे, ना प्रवचन. पापनिवेदनाच्या पेटीवरचा दिवा लागलेला असेल आणि मी आत बसलेला असेन. कोणी आले नाही तरी बसेन. वाट पाहण्याचा सराव मलाही हवा आहे. आणि डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी मंडपवाल्याला माझ्याकडे वेळ नसेल.

ज्यांना हे सारे पटत नाही त्यांनी याच पानांवर जरूर लिहावे. मी वाचीन, आणि उत्तर देण्यासारखे असेल तर उत्तरही देईन. मात्र ते नाताळानंतर.